नवीन कमोडची बारीक गळती: आधी जागा शोधा, मग पाना उचला



सॅनिटरीचं दुकान टाकायचंय किंवा प्लंबिंगची कामं घ्यायचीत असं सांगणारे बरेच जण मला भेटतात. कोणता ब्रँड ठेवू, मार्जिन किती सुटतं, उधारी किती द्यायची, हे सगळं विचारतात. पण कमोड बसवून आठ दिवस झाल्यावर "दादा, खाली थोडं थोडं पाणी दिसतंय" असा फोन आला तर काय करायचं, हे कोणी विचारत नाही. आणि या धंद्यात राहिलात तर हा फोन एक ना एक दिवस येणारच.

आधी पैशांचं बघू. समजा एक कमोड बसवायची मजुरी तुम्ही 1,500 रुपये घेतली. हेल्परला 500 गेले, टेफ्लॉन, सिलिकॉन, पेट्रोल मिळून 250. तुमच्या हातात राहिले 750. आता गळतीसाठी परत जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडला. हेल्परचे 250, पेट्रोलचे शंभर, आणि त्या अर्ध्या दिवसात दुसरीकडे जे काम केलं असतं ते बुडालं. पहिल्या फेरीत नफ्याचा अर्धा भाग जातो, दुसऱ्या फेरीत तुम्ही खिशातून घालायला लागता. बीबीएला आम्हाला याला 'कॉस्ट ऑफ पुअर क्वालिटी' म्हणतात असं शिकवलं होतं. दुकानात आम्ही त्याला फुकटची फेरी म्हणतो. म्हणून आजचा सगळा भर एकाच गोष्टीवर: फेरी एकच व्हायला हवी, आणि त्या एका फेरीत गळती कुठून आहे हे ग्राहकाला डोळ्यांनी दिसायला हवं.

पाणी दिसतं एकीकडे, येतं दुसरीकडून

जोरात गळणारा जॉईंट सोपा असतो, पाच मिनिटांत सापडतो. त्रास देते ती बारीक गळती. सिरॅमिक गुळगुळीत, त्यामुळे टँकच्या मागून निघालेला थेंब कमोडच्या अंगावरून ओघळत पायापर्यंत येतो आणि तिथे साचतो. बघणाऱ्याला वाटतं, बूड गळतंय. मग प्लंबर येतो, पायाभोवती व्हाइट सिमेंट फासतो, पैसे घेऊन जातो. चार दिवसांनी पाणी परत.

बारीक म्हणजे किती? सेकंदाला एक थेंब धरा. दिवसाचे झाले 86,400 थेंब. साधारण 20 थेंबांचा 1 मिलिलिटर होतो, म्हणजे दिवसाला 4 लिटरच्या वर पाणी. एवढं पाणी फरशीच्या सांध्यांतून खाली उतरत राहिलं तर खालच्या फ्लॅटच्या छताला ओल यायला वेळ लागत नाही. महाराष्ट्रातल्या हाऊसिंग सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामाईक पाइपलाइनची गळती सोसायटीने बघायची, आणि फ्लॅटच्या आतल्या टॉयलेटची गळती त्या सदस्याने स्वतःच्या खर्चाने काढायची. म्हणजे खालचा शेजारी वर येऊन भांडणार तुमच्या ग्राहकाशी, आणि ग्राहक फोन लावणार तुम्हाला.

फोनवरच अर्धं काम होतं

निघण्याआधी ग्राहकाला विचारा: पाणी सतत येतं की फक्त फ्लश केल्यावर? वास आहे का? रात्री कोणी टॉयलेट वापरलं नसतानाही टँक भरल्याचा आवाज येतो का? दुपारपेक्षा सकाळी जास्त पाणी दिसतं का?

सतत येणारं स्वच्छ पाणी म्हणजे बहुतेक वेळा पुरवठ्याची बाजू, म्हणजे अँगल कॉकपासून टँकपर्यंत. फ्लश केल्यावरच येणारं पाणी म्हणजे टँक आणि कमोडमधला जॉईंट, नाहीतर खालचा आऊटलेट. वास असेल तर आऊटलेटचा संशय पक्का. रात्री आपोआप टँक भरत असेल तर पाणी बाहेर न पडता कमोडच्या आतच चाललंय. सकाळी जास्त दिसत असेल तर प्रेशरचा विचार करा. रात्री बिल्डिंगमध्ये कोणी पाणी वापरत नाही, त्यामुळे लाइनमध्ये दाब पूर्ण असतो. गच्चीवरची टाकी दर 10 मीटर उंचीला साधारण 1 बार दाब देते. सात मजली इमारतीत तळमजल्याच्या कमोडला सहज 2 बार मिळतात, वरच्या मजल्याला नाममात्र. म्हणूनच एकाच पद्धतीने बसवलेले दोन कमोड, वरचा कोरडा राहतो आणि खालचा गळतो.

तिथे पोचल्यावर लगेच पाना बाहेर काढू नका. हा मोह आवरा. तुम्ही एखादा नट अर्धा आटा जरी फिरवलात तरी मूळ गळती कुठे होती त्याचा पुरावा गेला. आधी सगळं फडक्याने कोरडं करा: टँकची मागची बाजू, बोल्ट, कनेक्शन पाइपच्या दोन्ही टोकांचे नट, भिंतीवरचा अँगल कॉक, पाया. मग टिश्यू पेपरचे तुकडे घ्या. एक अँगल कॉकच्या खाली, एक टँकच्या नटाला गुंडाळून, एकेक बोल्टखाली, दोन-तीन पायाभोवती. पंधरा मिनिटं थांबा, फ्लश करू नका. चहा घ्या, ग्राहकाशी बोला. मग बघा पहिला ओला कुठला झाला. मग फ्लश करून परत बघा. ग्राहकाला शेजारी उभं करा. त्याने स्वतः ओला टिश्यू हातात घेतला की पुढचा निम्मा वाद संपतो.

भिंतीपासून सुरुवात

टिश्यू ओले होण्याआधी एक सोपी चाचणी करता येते. अँगल कॉक बंद करा, कोरडं करा, थांबा. थेंब थांबले तर दोष कॉकच्या पुढे. थांबले नाहीत तर कॉक आणि भिंत यांच्यामध्ये. एवढ्यानेच शोधायची जागा निम्मी होते.

भिंतीतल्या आट्यांमधून गळत असेल तर नवीन कामात त्याचं एक नेहमीचं कारण असतं. कॉक टेफ्लॉन लावून घट्ट केला, पण तोंड खाली यायच्या ऐवजी थोडं पुढे गेलं. मग प्लंबर तो पाव फेरा उलटा फिरवतो, तोंड सरळ दिसावं म्हणून. तिथेच संपलं. टेफ्लॉन एकदा आवळला की त्याला मागे घ्यायचं नसतं, मागे घेतला की आट्यांमध्ये वाट तयार होते. तोंड पुढे गेलं तर कॉक पूर्ण काढायचा, आटे साफ करायचे, दोन वेढे जास्त देऊन परत बसवायचा. वेढे आटे घट्ट होण्याच्या दिशेनेच द्यायचे, म्हणजे फिरवताना टेप उलगडत नाही. टाइल जाड असल्यामुळे एक्स्टेंशन निप्पल टाकला असेल तर भिंतीत एक जॉईंट वाढला, तोही तपासा. आणि स्टीलची फ्लँज भिंतीला चिकटवण्याआधी मागे सरकवून ठेवायची सवय लावा. फ्लँजच्या आड गळती महिनाभर लपते.

कनेक्शन पाइपच्या नटात रबरी वॉशर असतं, आपल्याकडे ज्याला वायसर म्हणतात. पाणी तेच अडवतं, टेफ्लॉन नाही. तरी लोक तिथे टेफ्लॉनचे दहा वेढे देतात, मग नट पूर्ण बसत नाही आणि वॉशर दबत नाही. टेप काढा, वॉशर सरळ बसलंय का बघा, नट हाताने घट्ट करून पान्याने साधारण पाव फेरा द्या. टँककडचा नट प्लास्टिकचा असतो, त्याचे आटे तिरके चढले तर कितीही आवळा, गळणारच. पूर्ण सोडून परत सरळ चढवायचा.

इथेच हेल्थ फॉसेटची गोष्ट सांगतो. एका ग्राहकाकडे तिसऱ्या मजल्यावर नवीन टू-पीस कमोड होता. दोन महिन्यांत दोन वेगवेगळ्या प्लंबरनी पाया सिलिकॉनने बंद केला, तिसऱ्याने कमोड काढून परत बसवायचे 2,500 सांगितले. ते काका माझ्या दुकानात नवीन पॅन कनेक्टर घ्यायला आले होते. मी विचारलं, टू-वे अँगल कॉक आहे का? म्हणाले, हो. संध्याकाळी आमचा मुलगा गेला. कमोडचा पुरवठा बंद केला तरी पाणी येतच होतं. फॉसेटची होज गनच्या नटापाशी पाझरत होती, थेंब होजवरून खाली, भिंतीवरून कमोडच्या मागे, तिथून पायाला. पाच रुपयांचं वॉशर बदललं. टू-वे कॉकची एक बाजू बंद केली तरी फॉसेटच्या होजमध्ये दाब कायम असतो, हे लक्षात ठेवलंत तर असे दहा ग्राहक तुमचे होतील. त्या काकांनी नंतर त्यांच्या सोसायटीतल्या चार बाथरूमचं सामान माझ्याकडून नेलं.

टँक आणि कमोडच्या मध्ये

टू-पीस कमोडमध्ये टँक वेगळा, बाऊल वेगळा, मध्ये जाडजूड स्पंज वॉशर आणि दोन किंवा तीन बोल्ट. इथली गळती कुठली हे वेळेवरून ओळखता येतं. टँक भरलेला असताना सतत थेंब येत असतील तर बोल्टचं रबर किंवा फ्लश व्हॉल्वच्या नटाखालचं वॉशर. फक्त फ्लश करतानाच येत असेल तर स्पंज वॉशर नीट बसलेलं नाही, कारण त्यातून पाणी फक्त फ्लशच्या वेळी जातं.

बोल्टचं रबर टँकच्या आतून, डोक्याखाली, सिरॅमिकला टेकलेलं हवं. मेटलचं वॉशर सिरॅमिकला थेट टेकलेलं दिसलं तर बसवणाऱ्याने क्रम चुकवलाय. बोल्ट आवळताना एक बाजू पूर्ण घट्ट, मग दुसरी, असं करायचं नाही. इकडे अर्धा फेरा, तिकडे अर्धा फेरा. टँक हलायचा थांबला, सरळ बसला, की थांबा. "अजून थोडा टाइट करतो" या एका वाक्याने किती टँक तडकले असतील! आवळताना तडकलेला टँक कंपनी सहसा बदलून देत नाही, ते पैसे तुमचेच.

वन-पीसमध्ये हा जॉईंटच नसतो. म्हणून ज्यांचा हात अजून बसलेला नाही त्यांनी सुरुवातीला वन-पीसची कामं घ्यावीत असं माझं मत आहे. वजन जास्त, उचलायला दोन माणसं लागतात, पण परत यायची शक्यता कमी.

पाया गळत असेल तर

आधी खात्री करा. पाया पूर्ण कोरडा करा, बाऊलमधल्या पाण्यात खायचा रंग टाका आणि फ्लश करा. टिश्यू रंगीत झाला तर पाणी आऊटलेटमधूनच येतंय. रंग आला नाही तर परत वर, पुरवठ्याकडे जा.

एस-ट्रॅपचा आऊटलेट खाली फरशीत जातो, पी-ट्रॅपचा मागे भिंतीत. दोन्हीकडे आता बहुतेक जण रबराचा पॅन कनेक्टर वापरतात. तो गळण्याची कारणं ठरलेली: ड्रेनेज पाइप आत वाकडा कापलाय, पाइपच्या तोंडावर सिमेंटचा थर आहे, पाइपचं केंद्र आणि कमोडचं केंद्र जुळत नाही, किंवा कमोड हलतोय. कमोडवर बसून डावीकडे-उजवीकडे वजन टाका. जरासुद्धा डुलला तरी कितीही सिलिकॉन लावा, तो जॉईंट परत सुटणार.

उपाय एकच, कमोड काढून कनेक्टर परत बसवणं. पाइपचं तोंड घासून साफ करा, रबराला थोडं साबणाचं पाणी लावा म्हणजे ते दुमडत नाही, कमोड सरळ खाली किंवा सरळ मागे न्या, स्क्रू दोन्हीकडून सारखे आवळा. कमोड सिमेंटमध्ये बसवलेला असेल तर काढताना तडकू शकतो, ते ग्राहकाला आधी सांगा आणि व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. बाहेरून सिलिकॉनची गोल रिंग मारणं हा उपाय नाही. पाणी आतच कोंडतं आणि खाली स्लॅबचा रस्ता धरतं. फिनिशिंगसाठी सिलिकॉन मारायचंच तर मागच्या बाजूला दोन बोटं जागा मोकळी ठेवा. पुढे कधी गळलं तर पाणी तिथून बाहेर दिसेल, शेजाऱ्याच्या छतातून नाही. आणि सिलिकॉन मारल्यावर 24 तास ती जागा ओली करायची नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून निघा. फक्त साहेबांना सांगून उपयोग नसतो.

आवाज न करणारी गळती

फरशी कोरडी, पण पाण्याचं बिल वाढलंय किंवा गच्चीवरची टाकी लवकर रिकामी होतेय. टँकमध्ये रंग टाका, अर्धा तास फ्लश करू नका. बाऊलमध्ये रंग उतरला तर पाणी फ्लश व्हॉल्वमधून खाली जातंय.

किती जातंय तेही मोजा, ग्राहकावर त्याचा फार परिणाम होतो. अँगल कॉक बंद करा, टँकमध्ये पाण्याच्या पातळीवर पेन्सिलची खूण करा, तासाने बघा. टँक आतून 40 सेंटिमीटर लांब, 15 सेंटिमीटर रुंद असेल आणि पातळी 1 सेंटिमीटर उतरली तर 600 मिलिलिटर गेलं. कॉक उघडा असताना टँक भरलेलाच राहतो आणि याच वेगाने पाणी जात राहतं. दिवसाचे 14 लिटरच्या वर.

नव्या कमोडमध्ये याची दोन कारणं मला सारखी दिसतात. पहिलं, कचरा. नवीन बांधकामाच्या लाइनमध्ये वाळू, सीपीव्हीसी कापल्याचा भुसा, टेफ्लॉनचे तुकडे असतात. कमोड जोडण्याआधी कॉक उघडून एक बादली पाणी वाहू दिलं नाही तर हे सगळं फिल व्हॉल्वमध्ये आणि फ्लश व्हॉल्वच्या रबराखाली जाऊन बसतं. वाळूचा एक कण पुरतो. रबर काढून धुवा, बसायची कड बोटाने पुसा, बहुतेक वेळा काम होतं, नवीन पार्ट लागत नाही.

दुसरं कारण गमतीचं आहे. टँकचं झाकण काढलं की गळती थांबते, ठेवलं की सुरू! बटणाखालच्या काड्या जरा लांब राहिलेल्या असतात, झाकण ठेवलं की त्या फ्लश व्हॉल्व सतत किंचित दाबून धरतात. काड्या दोन-तीन मिलिमीटरने कमी करा. मेकॅनिक प्रत्येक वेळी झाकण काढूनच तपासतो, म्हणून त्याला ही गळती सापडतच नाही.

फ्लोट जास्त वर सेट असेल तर पाणी ओव्हरफ्लो पाइपमधून उतरत राहतं. पातळी त्या पाइपच्या तोंडापासून दोन-अडीच सेंटिमीटर खाली ठेवा.

वॉल-हंग आणि कन्सील्ड टँकबद्दल थोडक्यात: टाइल लागण्याआधी लाइनला टेस्ट पंप लावून दाब धरतोय का हे बघितल्याशिवाय ते काम हातात घेऊ नका. नंतर गळलं तर बटणाच्या प्लेटमधून हात जाईल तेवढंच तुमच्या हातात, बाकी फोडाफोड.

पैसे कोणी द्यायचे?

तुम्ही बसवलेल्या कमोडची फेरी फुकट, यात वाद नको. त्यासाठी मूळ कोटेशनमध्येच टेस्टिंगचे शे-दोनशे धरा आणि बिलावर तशी वेगळी ओळ लिहा. माल सदोष निघाला तर फोटो आणि बिल घेऊन कंपनीकडे जा. सिरॅमिकची वॉरंटी आणि आतल्या फिटिंगची वॉरंटी वेगवेगळी असते, कार्ड वाचून ग्राहकाला आधीच सांगितलेलं बरं.

दुसऱ्याने बसवलेला कमोड असेल तर तपासणीचे पैसे वेगळे घ्या आणि ते फोनवरच सांगा. लाज वाटून घेऊ नका. डॉक्टर नुसतं तपासायचे पैसे घेतो ना? तुम्ही अर्धा तास थांबून, टिश्यू लावून नेमकी जागा दाखवणार आहात. फक्त आधीच्या माणसाला नावं ठेवू नका. "हे वॉशर दबलं नव्हतं" एवढंच बोला. तो प्लंबर उद्या तुमच्याच दुकानात माल घ्यायला येणार आहे.

कमोड बसवून निघताना पाच वेळा सलग फ्लश करा, प्रत्येक वेळी टँक पूर्ण भरू द्या. मग सगळ्या जॉईंटवर कोरडा टिश्यू फिरवा आणि तो कोरडा टिश्यू, अँगल कॉक आणि पाया यांचा एक छोटा व्हिडिओ ग्राहकाच्या नंबरवर पाठवा. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास, रात्रभर लाइनला दाब राहिल्यानंतर, स्वतः फोन करा: रात्री टँकचा आवाज आला का, मागची भिंत हाताला ओली लागते का, पायाशी पाणी आहे का. काही असेल तर त्याच दिवशी संध्याकाळी जा, स्पंज वॉशर, दोन कनेक्शन पाइप आणि वॉशरचं पाकीट गाडीच्या डिकीत घेऊन.